जन्मजात लहान मूत्रपिंडं
लेखमाला : मूत्रपिंडांची ओळख – लेखांक ६

मागच्या आठवड्यात मुतखड्याबद्दल लिहिलं. त्याची कळ माणसाला रात्रीतून दवाखान्यात नेते. आजचा विकार मात्र वर्षानुवर्षं दुखतच नाही. काही मुलं लहान मूत्रपिंडं घेऊनच जन्माला येतात. डॉक्टर त्याला ‘रीनल हायपोप्लेझिया’ म्हणतात.

पूर्ण दिवसांच्या बाळाचं मूत्रपिंड साधारण ४.५ सेंटिमीटर लांब असतं, मोठ्या माणसाचं १० ते १२. पण लांबीपेक्षा महत्त्वाचे आतले नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नळ्या. एका मूत्रपिंडात ते सरासरी नऊ-दहा लाख असतात. कुणाकडे जेमतेम दोन लाख, कुणाकडे वीस लाखांहून जास्त. गर्भाच्या ३६व्या आठवड्याच्या सुमारास त्यांची घडण थांबते. त्यानंतर आयुष्यात एकही नवा नेफ्रॉन तयार होत नाही. मिळालेलं भांडवल तेवढंच.

ते कमी का पडतं? कधी ‘पॅक्स-२’सारख्या जनुकातला बदल सापडतो, पुष्कळदा काहीच सापडत नाही. आईनं ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून असं झालं, हे साफ खोटं आहे, आणि त्या बाईला आयुष्यभर ते ऐकवणं हा अन्याय आहे. जन्मवजनाचा संबंध मात्र खरा. वजन कमी, तर नेफ्रॉनही सहसा कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३पासून आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. तो अभ्यास मूत्रपिंडांचा नव्हता. तरी आपल्याकडची कितीतरी मुलं तोकड्या भांडवलावर आयुष्य सुरू करत असतील, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

दोन्ही मूत्रपिंडं लहान असलेलं मूल कोकणातल्या जयगडच्या एखाद्या घरात कसं दिसेल? सारखं पाणी मागेल. रात्री उठून तांब्या तोंडाला लावेल, सात-आठ वर्षांचं झालं तरी अंथरूण ओलं करेल. जेवताना सुका बांगडा आधी उचलेल, वर मीठ मागेल. घरचे म्हणतील, खोड आहे. पण अशी मूत्रपिंडं बरेचदा पाणी आणि मीठ धरून ठेवू शकत नाहीत. शरीर गेलेलं परत मागत असतं. म्हणून ‘किडनीचा आजार म्हणजे पाणी तोडा, मीठ तोडा’ हा मोठ्यांचा नियम अशा मुलाला परस्पर लावू नये. कुणाला मीठ वाढवावं लागतं, कुणाला कमी करावं लागतं. ते डॉक्टर तपासण्या पाहून ठरवतात.

दुसरी खूण उंचीची. बरोबरीची मुलं वाढतात, हे मागे राहतं. थोड्या नेफ्रॉनवर सगळा भार पडतो, ते फुगतात, झिजतात, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, रक्तदाब चढतो. इथे औषधाला खरा वाव आहे. रक्तदाब काटेकोरपणे खाली ठेवला तर मुलांची मूत्रपिंडं जास्त काळ टिकतात, हे २००९ साली युरोपातल्या ३८५ मुलांच्या चाचणीत दिसलं. त्यांना रॅमिप्रिल हे औषध दिलं होतं.

निदानाला सोनोग्राफी, रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी लागते. जयगडहून त्यासाठी रत्नागिरी गाठावी लागते. मुलांच्या मूत्रपिंडांचा वेगळा विभाग हवा तर मुंबई, जसं परळचं वाडिया रुग्णालय. पण संशयाची सुरुवात गावातच होऊ शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक मुलं तपासायला अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. तहानेचं, ओल्या अंथरुणाचं लाजू नका, सांगा. रक्तदाबही मोजायला सांगा, आणि दंडाला लहान मुलांचाच पट्टा बांधला आहे ना, ते बघा. मोठ्यांच्या पट्ट्यानं आकडा खोटाच कमी येतो.

(पुढील आठवड्यात : एकच मूत्रपिंड असलेली माणसं)