लघवीतील खुणा आणि मूत्रपिंडाचा कर्करोग

मूत्रपिंडातील बारीक नलिकांना इजा झाली, की त्यांच्या पेशींतील काही विकरे (एन्झाइम) लघवीत उतरतात. मग त्यांवरून कर्करोग आरंभीच ओळखता येईल काय? अडचण अशी, की मधुमेह, जंतुसंसर्ग आणि कित्येक औषधे यांमुळेही तीच विकरे वाढतात. धूर दिसला, तरी चूल कोणाची हे कळत नाही. २०१० साली अमेरिकेतील सेंट लुईसच्या संशोधकांना ॲक्वापोरिन-१ या प्रथिनासह दोन प्रथिने अशा रोग्यांच्या लघवीत वाढलेली आढळली; शस्त्रक्रियेनंतर ती उतरली. तरीही सरसकट तपासणीसाठी ती चाचणी अद्याप रूढ नाही.

आमची निपाणी तंबाखूची पेठ, आणि धूम्रपानाने हा रोग बळावतो हे सिद्ध झालेले आहे. म्हणून आम्ही एवढेच सांगतो: लघवी एकदाच लाल झाली, दुखले नाही, आपोआप थांबली, तरी ‘उन्हाळी लागली’ म्हणून धन्या-जिऱ्याच्या पाण्यावर भागवू नये. खडा असेल, संसर्ग असेल. गाठही असू शकेल. डॉक्टरांना दाखवून लघवीची तपासणी व सोनोग्राफी करून घ्यावी, लागल्यास बेळगाव गाठावे. गाठ लहान असता पुष्कळदा तेवढीच काढून बाकीचे मूत्रपिंड राखता येते.