तुकडा न काढता तोंडाचा कॅन्सर कळेल का?

तोंडात कॅन्सरची शंका आली की डॉक्टर तुकडा काढून तपासायला सांगतात. इथेच आपल्या वस्त्यांतील कितीतरी माणसे मागे फिरतात. ‘हत्यार लागले की कॅन्सर पसरतो’ अशी समजूत घरोघरी आहे. ती चुकीची आहे. पण या भीतीत महिने निघून जातात आणि तेवढ्यात रोग वाढतो. म्हणून तुकडा न काढता, नुसत्या उजेडाने कॅन्सर ओळखण्याचे जे संशोधन चालू आहे, ते आपण समजून घेऊ.

१९२८ साली कलकत्त्यात सी. व्ही. रामन यांनी एक शोध लावला. एकाच रंगाचा उजेड एखाद्या पदार्थावर पडून विखुरला, की त्यातील अगदी थोड्या भागाचा रंग किंचित बदलतो. हा बदल त्या पदार्थातील रेणूंप्रमाणे वेगवेगळा असतो. जणू प्रत्येक पदार्थाचा अंगठ्याचा ठसाच. या शोधाला १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संशोधन संस्था आहे. तिथे हाच शोध तोंडाच्या कॅन्सरसाठी वापरून पाहिला गेला. बारीक काचतंतूंची नळी गालाच्या आतून टेकवायची, लेसरचा उजेड सोडायचा आणि परत आलेल्या उजेडाचा आलेख संगणकावर काढायचा. काही सेकंदांचे काम. चिरणे नाही, टाके नाहीत. निरोगी गालाच्या आलेखात चरबीच्या खुणा ठळक दिसतात, तर कॅन्सरच्या जागी प्रथिनांच्या खुणा वाढतात. तंबाखू खाणाऱ्यांचा गाल वरून चांगला दिसत असला, तरी आत सुरू झालेले बदलही या आलेखात टिपता आले.

पण हे तंत्र अजून आपल्या जवळच्या दवाखान्यात आलेले नाही. शिवाय कॅन्सर आहे की नाही, याचा शेवटचा निकाल आजही तुकडा तपासूनच लागतो. डॉक्टरांनी तुकडा तपासायला सांगितला असेल, तर यंत्राची वाट पाहू नका.

तोवर साधा उजेडही जीव वाचवतो. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे तपासली. तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. तिथे यंत्र नव्हते. शिकवून तयार केलेली माणसे आणि त्यांची नजर होती.

खर्रा, गुटखा, तंबाखू-चुना, सुपारी खाणाऱ्यांनी आणि मिश्री लावणाऱ्या मायबहिणींनीही महिन्यातून एकदा आरशासमोर मोबाइलची बॅटरी लावून तोंड पाहावे. गाल, हिरड्या, जीभ उचलून तिच्याखालची जागा, सगळे पाहावे. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, तिखट लागताच होणारी आग, किंवा तोंडात तीन बोटे उभी न जाणे, यांपैकी काहीही दिसले तर सरकारी दवाखाना गाठावा. दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीला हा रोग बहुधा दुखतच नाही.

खर्चाच्या धास्तीनेही घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरवरील उपचार आहेत. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला भेटा. लवकर सापडलेला तोंडाचा कॅन्सर बरा होऊ शकतो. आणि आज तोंडात असलेली पुडी आजच थुंकून टाकली, तर धोका तिथूनच कमी होऊ लागतो.