गर्भाशयमुखाचा कर्करोग : बार्शीने दाखविलेली वाट

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील धावडा हे शेतीवर आणि शेतमालाच्या उलाढालीवर जगणारे गाव. अशा गावातील स्त्रीला कर्करोगाची शंका आली, तर पुढील तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाची वाट धरावी लागते. परंतु ती वाट धरण्यापूर्वीच बहुधा कित्येक महिने निघून गेलेले असतात. अंगावरून सतत दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्तस्राव होणे, पाळी कायमची थांबल्यानंतर पुन्हा डाग दिसणे, या गोष्टी कोणाला सांगायच्या, या संकोचात दिवस जातात. सण होऊ दे, लग्नसराई उरकू दे, हंगाम संपू दे, असे म्हणत घरातील बाई आपले दुखणे मागे ढकलते. रोग मात्र थांबत नाही.

रोग एकच असला तरी त्याचे परिणाम सर्वांना सारखे भोगावे लागत नाहीत. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कर्करोग गौरवर्णीय स्त्रियांपेक्षा किंचित कमी प्रमाणात होतो. तरीही त्या रोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण त्यांच्यात सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आहे. आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांत या रोगाचा एक आक्रमक प्रकार अधिक आढळतो, हे त्याचे एक कारण होय. उशिरा होणारे निदान आणि उपचारांतील विषमता हे दुसरे. ही तफावत कमी करावयाची तर ज्या समाजाला रोगाची झळ अधिक, त्याच समाजात जाऊन संशोधन करावे आणि त्यातीलच माणसे प्रशिक्षित करावीत, हा विचार आज जगभर मान्य होत आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तो विचार फार पूर्वीच कृतीत उतरला होता.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. व्यापाऱ्याला खतावणीवाचून येणे-देणे कळत नाही. तसेच कोणत्या गावात कोणता रोग किती, आणि रुग्ण कोणत्या अवस्थेत पोहोचतो, हे नोंदीवाचून कळत नाही. बार्शीचे कार्यकर्ते रुग्णालयात बसून राहिले नाहीत. ते गावोगावी गेले, लोकांना लक्षणे समजावून सांगितली, शंका येताच तपासणीस येण्याचा आग्रह धरला. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याचे नोंदींतून दिसून आले. केवळ समजावून सांगण्याचा हा परिणाम होता.

याच पायावर पुढे एक मोठे संशोधन उभे राहिले. ऑक्टोबर १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास हाती घेण्यात आला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा हा संयुक्त प्रयत्न होता. तीन गटांत तीन निरनिराळ्या पद्धतींनी प्रत्येकी एकदाच तपासणी झाली. चौथ्या गटाला नेहमीच्याच आरोग्यसेवेवर ठेवण्यात आले. एप्रिल २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटात एचपीव्ही या विषाणूची चाचणी झाली, तेथे या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. चौथ्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला होता.

या यशाबरोबर एक प्रश्नही उभा राहिला. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणीवाचून ठेवणे न्याय्य होते काय, अशी टीका पुढे झाली, आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. हा प्रश्न जुनाच आहे. १९५१ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स ही ३१ वर्षांची कृष्णवर्णीय स्त्री याच कर्करोगाने मरण पावली. तिच्या पेशी तिच्या संमतीवाचून घेण्यात आल्या आणि प्रयोगशाळांतून आजही वाढविल्या जात आहेत. त्याच पेशींत पुढे एचपीव्ही विषाणूचा एक घातक प्रकार आढळला. हा विषाणू कर्करोगास कारण ठरतो हे सिद्ध करणारे हाराल्ड त्सुर हाउझेन २००८ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. ज्यांच्या देहावर ज्ञान उभे राहते, त्यांच्या लेकीसुनांपर्यंत ते पोहोचलेच पाहिजे. नाहीतर ते ऋण फिटत नाही.

ते पोहोचविण्यासाठी प्रत्येक गावात तज्ज्ञ डॉक्टर लागतोच असे नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने किमान दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना चार आठवडे प्रशिक्षण दिले. सौम्य व्हिनेगर लावून गर्भाशयमुख तपासण्याची साधी रीत त्या शिकल्या. दोन-दोन वर्षांच्या अंतराने चार वेळा ही तपासणी झाली आणि या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. धाराशिवच्या अभ्यासात हीच तपासणी एकदाच केली तेव्हा मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नव्हती. साधी तपासणी पुन्हा पुन्हा केली तरच ती फळते, असा बोध यातून घेता येतो.

२०२० च्या अंदाजानुसार भारतात या रोगाचे वर्षाला सुमारे १ लाख २४ हजार नवे रुग्ण आढळतात आणि सुमारे ७७ हजार स्त्रिया दगावतात. वास्तविक विषाणूचा संसर्ग झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा पंधरा-वीस वर्षे जातात. एवढा अवधी देणारे रोग थोडेच. मुलींसाठी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. तिशी ओलांडलेल्या स्त्रियांची सरकारी आरोग्य केंद्रांतून तपासणी व्हावी, अशी केंद्र शासनाची मार्गदर्शक तत्त्वे २०१६ पासून आहेत. लस घेतलेल्या स्त्रीनेही तपासणी चुकवू नये.

व्यापारी घराण्यात दिवाळीला वह्यांचे पूजन होते, वर्षाचा हिशेब पाहिला जातो. त्याच वेळी घरातील तिशीपुढील प्रत्येक स्त्रीची तपासणी केव्हा झाली, याचीही नोंद पाहावी. पेढीवर धान्य निवडणाऱ्या, घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईलाही पगारी सुटी देऊन सोबत न्यावे. सासूने सुनेला घेऊन आरोग्य केंद्राची पायरी चढली, की गावातील निम्मा संकोच तेथेच संपेल. बार्शीच्या परिसरात हे घडले; धावड्यातही ते घडू शकते.