सहलीसाठीं लहान कॅमेरा कसा निवडावा ?

सहलीचे दिवस जवळ येतांच पुष्कळ घरांतून एकच मागणी ऐकूं येते : "बाबा, मला कॅमेरा घेऊन द्या." वडील दुकानांत जातात, दुकानदार मोठमोठे आंकडे सांगतो, आणि जिच्यावर कित्येक महिन्यांची बचत खर्ची पडावयाची त्या वस्तूची निवड घटकाभरांत उरकते. मग डोंगरावर गेल्यावर कळतें कीं, हवें तें चित्र या यंत्रांतून निघतच नाहीं. असा प्रसंग कोणावर येऊं नये, म्हणून खिशांत मावणाऱ्या कॅमेऱ्याविषयीं चार गोष्टी आम्ही विद्यार्थी व पालक या उभयतांपुढें मांडीत आहों.

लहान कॅमेऱ्याचा जन्मच मुळीं मोकळ्या हवेसाठीं झाला. जर्मनींतील ऑस्कर बार्नाक या यंत्रज्ञास दम्याचा विकार होता; कांचेच्या तबकड्यांचा अवजड कॅमेरा घेऊन रानोमाळ हिंडणें त्यास झेपेना. म्हणून त्यानें १९१३ च्या सुमारास सिनेमाच्या फितीवर ३६ × २४ मिलिमीटरचें चित्र घेणारा एक लहान कॅमेरा बनविला. तोच पुढें १९२५ सालीं लायपझिगच्या व्यापारी जत्रेंत 'लायका' या नांवानें लोकांपुढें आला. यांतून पहिला धडा हा कीं, जो कॅमेरा जड म्हणून घरीं राहतो, तो कितीहि उत्तम असला तरी निरुपयोगीच होय.

आतां पहिला प्रश्न असा कीं, कॅमेरा घ्यावाच कां ? हल्लींच्या मोबाइल फोनांतून दिवसाच्या उजेडांत सुरेख चित्रें निघतात. मित्रमंडळींचीं व देखाव्यांचीं चित्रें एवढीच हौस असेल, तर नवा खर्च करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. परंतु दूरचा पक्षी टिपावयाचा असेल, किंवा फोनची बॅटरी संकटप्रसंगासाठीं राखून ठेवावयाची असेल, तर वेगळ्या कॅमेऱ्याचा विचार योग्य ठरतो.

दुकानांत सर्वांत मोठ्यानें सांगितला जाणारा आंकडा मेगापिक्सेलचा. त्याला भुलूं नये. ४००० × ३००० म्हणजे १२ मेगापिक्सेलचें चित्र सुमारें १३ × १० इंचांवर स्वच्छ छापतां येतें. आमच्या या वार्षिकाचें संपूर्ण पान त्यांत सहज भरेल. खरें विचारावयाचें तें सेन्सरचें, म्हणजे ज्यावर प्रकाश पडून चित्र उमटतें त्या पट्टीचें, आकारमान. पुष्कळशा स्वस्त कॅमेऱ्यांत ती सुमारें ६.२ × ४.६ मिलिमीटर असते. 'एक इंची' म्हणून जी ओळखली जाते ती १३.२ × ८.८ मिलिमीटर असते. (हें नांव जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतील नळीच्या जाडीवरून पडलें, पट्टी कांहीं एक इंच नसते.) दुसरीचें क्षेत्रफळ पहिलीच्या सुमारें चौपट. अंगणांत लहान वाटी ठेवावी कीं परात, यावर जसें पावसाचें पाणी कमीअधिक सांचतें, तसाच हा प्रकार. धुक्यांत, दाट झाडींत वा सांजवेळीं ही चौपट जागा फार उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट झूमची. भिंगें पुढेंमागें सरकून जें होतें तें खरें झूम. 'डिजिटल झूम' म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करणें होय. तें घरीं बसूनहि करतां येतें. त्यासाठीं पैसे मोजूं नयेत. शिवाय झूम लांबवितांना बहुधा भिंगांतून येणारा प्रकाश घटतो. भिंगावर एफ/२.८ ते ५.६ असें लिहिलेलें असेल, तर लांब टोंकास प्रकाश चौथ्या हिश्शावर येतो, हें ध्यानांत ठेवावें.

एक उदाहरण घेऊं. साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारें २५ किलोमीटरवर कासचें पठार आहे. युनेस्कोनें २०१२ सालीं पश्चिम घाटांतील ज्या स्थळांस जागतिक वारसा ठरविलें, त्यांत तें मोडतें. पावसाळा सरतां सरतां तेथें तेरडा फुलतो, सीतेचीं आसवें फुलतात. या दुसऱ्या फुलाचें आकारमान बोटाच्या नखाएवढें. असें फूल टिपण्यासाठीं पायवाट सोडून आंत शिरावें, तर एका चित्रापायीं शेंकडों रोपें चिरडलीं जातात. म्हणून कॅमेरा किती जवळून टिपतो, एवढेंच विचारून भागत नाहीं; झूम लांबविल्यावर तो किती जवळून टिपतो, हें विचारावें. २०१२ सालच्या सोनी आरएक्स१०० या २४० ग्रॅम वजनाच्या कॅमेऱ्यांत हें अंतर रुंद टोंकास ५ सेंटिमीटर, पण लांब टोंकास ५५ सेंटिमीटर आहे. तेव्हां वाटेवर उभें राहून चित्र घेऊं इच्छिणाऱ्यानें दुसरा आंकडा पाहावा.

पाऊस हा आपल्याकडील मोठा परीक्षक. ऑलिंपस टीजी-६ सारखा २०१९ सालचा कॅमेरा १५ मीटर खोल पाण्यांतहि चालतो, मात्र त्याची सेन्सर पट्टी वर सांगितलेली लहानच आहे. सर्व गुण एका ठिकाणीं नांदत नाहींत. आपली गरज ओळखून एकास पसंती द्यावी लागते. कोंकणच्या दमट हवेंत भिंगास बुरशी धरते, यास्तव कॅमेरा चामड्याच्या बंद पिशवींत न ठेवतां घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. उन्हांत मागचा पडदा दिसेनासा होतो. डोळा लावून पाहण्याची खिडकी असल्यास उत्तम.

वापरलेला कॅमेरा घेण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. आपलें स्वतःचें कार्ड घेऊन जावें. झूम दोन्ही टोंकांस न्यावें. खरखर ऐकूं आल्यास तो कॅमेरा सोडावा. छिद्र शक्य तितकें बारीक करून मोकळ्या आकाशाचें चित्र घ्यावें. सेन्सरवर धूळ असेल, तर काळे ठिपके दिसतील. त्या कॅमेऱ्याची बॅटरी अद्याप बाजारांत मिळते कीं नाहीं, याचीहि चौकशी करावी.

शेवटीं विद्यार्थ्यांस एक सूचना. गडाच्या कड्यावर कॅमेरा डोळ्यास लावून एकहि पाऊल मागें अथवा पुढें टाकूं नये. आधीं थांबावें, पायाखालची जमीन पाहावी, मगच चित्र घ्यावें. आणि पालकांस विनंति ही कीं, मुलाला कॅमेरा देण्यापूर्वीं त्यास काय टिपावयाचें आहे, हें त्याच्याच तोंडून ऐकावें. ज्याला हें नीट सांगतां आलें, त्याच्या हातीं साधा कॅमेराहि सोन्याचा ठरेल. ज्याला तें सांगतां येत नाहीं, त्यानें कांहीं दिवस नुसत्या डोळ्यांनीं पाहण्याचा अभ्यास करावा. त्याला पैसा पडत नाहीं.