बाळाच्या बापाला रजा कशाला?



आपल्या पालकसभेला येतात त्यांत बहुतेक माताच असतात. वडिलांबद्दल विचारले की ‘कामावर आहेत’ असे उत्तर मिळते, आणि ते खोटे नसते. तेरेखोल म्हणजे नदीपलीकडे राहिलेला गोव्याचा तुकडा. कामाला जायचे तर फेरीबोटीने केरीला उतरावे लागते, नाहीतर महाराष्ट्रातून वळसा घालावा लागतो. काही जणांचे बाबा तर बोटीवर नोकरीला आहेत. अशा बापाने मुलाच्या संगोपनात भाग घ्यावा, यासाठी सरकार आणि समाज काय करतात, याची माहिती थोडक्यात देत आहे.

केंद्र सरकारने १९९७ साली पाचव्या वेतन आयोगानंतर आपल्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा दिली. (माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. हिंदीत या रजेला ‘पितृत्व अवकाश’ म्हणतात. मराठीत अवकाश म्हणजे मोकळी जागा, सवड. मला तो शब्द अधिक आवडतो.) ही रजा पूर्ण पगारी असते. दोनपेक्षा कमी हयात मुले असलेल्यास ती मिळते. प्रसूतीच्या १५ दिवस आधीपासून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत ती घेता येते व दुसऱ्या रजेला जोडताही येते. तोवर न घेतल्यास ती बुडते.

या सहा महिन्यांचे महत्त्व आपल्याकडे फारसे कोणी ओळखत नाही. आपल्या रीतीप्रमाणे पहिले बाळंतपण माहेरी होते. बाप बारशाला पाहुण्यासारखा जातो, बाळाला दोन मिनिटे हातात घेतो आणि परततो. त्या दिवसांत रजा काढून तो सासुरवाडीत बसून करणार काय? पण बाळ-बाळंतीण घरी परततात तेव्हा माहेरची मदत संपलेली असते, रात्रीची जागरणे चालूच असतात आणि लसींसाठी आरोग्य केंद्राच्या खेपा असतात. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याच्या लसी याच काळात येतात. रजा तेव्हा घेतली तर तिचे चीज होते. दुपटी बदलणे, अंघोळ घालणे, रडते बाळ शांत करणे हे बापाला जन्मतः येत नाही. आईलाही येत नाही. करून करून येते.

डिसेंबर २०१८ पासून केंद्राच्या नोकरीतील एकल पित्यालाही, म्हणजे विधुर, घटस्फोटित वा अविवाहित बापाला, बालसंगोपन रजा मिळू लागली. संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांपर्यंत ती घेता येते.

खासगी नोकरीचे चित्र मात्र निराळे आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन आईची रजा २६ आठवडे झाली. बापाचे नाव त्यात आले नाही, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आले नाही. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ साली पितृत्व लाभाचे खासगी विधेयक मांडले होते. सर्व क्षेत्रांतील बापांना रजा मिळावी, असा त्याचा उद्देश होता. ते संमत झाले नाही. स्वीडनने १९७४ सालीच पालक रजा आई-बाप दोघांना खुली केली. आज तिथे ४८० दिवसांपैकी ९० दिवस प्रत्येकाच्या नावे राखीव आहेत. बापाने आपले ९० दिवस घेतले नाहीत तर ते आईला मिळत नाहीत. माझ्या मते यात फार शहाणपण आहे, कारण राखून ठेवले नाही तर बाप ते आईकडेच ढकलतो.

समाजाच्या बाजूने पाहता, मुंबईत १९९३ पासून ‘मावा’ ही संस्था मुलग्यांशी व तरुणांशी पुरुषपणाविषयी बोलत आली आहे. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य आई-वडील वा पालक असावेत, असे ठरवले. ‘पालक’ या शब्दात वडील आलेच.

आता आपल्या शाळेपुरते. विश्वस्त मंडळापुढे मी दोन विनंत्या ठेवत आहे. पालकसभा रविवारी सकाळी घ्यावी, कामाच्या दिवशी दुपारी नको. आणि ज्यांना सरकारी नियम लागू नाहीत अशा आपल्या कर्मचाऱ्यांना, गाडीचे चालक व शिपाई धरून, १५ दिवसांची पगारी पितृत्व रजा द्यावी. खर्चाचा अंदाज मंडळाच्या पुढील बैठकीत मांडेन. वडील मंडळींनी सभेची सोयीची वेळ मुलांच्या डायरीत स्वतःच्या हाताने लिहून पाठवावी.