जरा उभा करा

जळगावातल्या पिंप्राळ्याचा रथ आषाढी एकादशीला निघतो, तेव्हा ओढायला गाव लोटतं. मोगरी लावायला मात्र मोजकीच जाणती माणसं. चाकाखाली लाकूड नेमक्या क्षणी सरकवून एवढं धूड थांबवायचं, वळवायचं. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा उभा करणारा माणूस दिसला की मला हे मोगरीवाले आठवतात.

जळगावहून सुरतेकडची गाडी धरायची, दोंडाईच्याला उतरायचं, तापीचा पूल ओलांडायचा. शहादा तालुक्यातलं हे गाव १९९८ साली धुळे जिल्ह्यातून नव्या नंदुरबार जिल्ह्यात गेलं; यात्रेला त्याचं काही नाही. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरा घोडे रांगेने बांधले जातात. गर्दी जमते ती हलगीवर नाचणाऱ्या घोड्याभोवती. जाणतं गिऱ्हाईक तिथे रेंगाळत नाही. ते म्हणतं, "नाच राहू द्या. जरा उभा करा."

नाचात पाय दिसत नाहीत. घोडा सरळ उभा राहिला की गुडघा आत वळलाय का, मागचे घोटे जवळ येतात का, चारही खूर सारखे झिजलेत का, हे लपत नाही. उंचीही तेव्हाच मोजायची, आयाळ संपते तिथल्या उंचवट्यापासून जमिनीपर्यंत. म्हणून विकणारे पुढचे पाय हळूच चढाच्या मातीवर ठेवतात. घोडा उगाच उंच दिसतो. अंगावरचे भोवरे बघून शुभ-अशुभ ठरवणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण भोवऱ्याआधी पायाखालची जमीन बघावी.

आता गंमत अशी, की चारही पायांवर सारखं उभं राहणं घोड्याला आवडतच नाही. त्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. मागच्या पायात गुडघ्याच्या वाटीला कुलूप बसावं अशी सोय आहे. त्यामुळे एक मागचा पाय सैल सोडून तो उभ्या उभ्या डुलकी काढतो. ही मुरलेली सवय मोडायची, तीही न दमटावता.

शिकवणी मोरखी आणि दोरावर, सपाट जमिनीवर. माणूस चालला की चालायचं, थांबला की थांबायचं, एवढंच आधी. मग मागचे पाय जुळवायचे, पुढचे नंतर. मागचा हलला की सगळी मांडणी पुन्हा करावी लागते. पुढचा डावा पाय हवा असेल तर तोंड किंचित उजवीकडे न्यायचं. भार उजवीकडे गेला की डावा मोकळा होतो. मग दोराला हलकी ओढ, एकच पाऊल. पाऊल पडलं त्याच क्षणी ओढ सोडायची. ती सुटली म्हणजे आपलं बरोबर आलं, हे घोड्याला तिथेच कळतं. ओढ धरूनच ठेवली तर त्याला काय कळणार? पहिले काही दिवस चार-पाच श्वास उभा राहिला तरी पुरे. तो हलायच्या आत आपणच त्याला चालवायचं. हलल्यावर मोकळा केला, तर हललं की सुटका, हाच धडा तो गिरवतो. इथेच बहुतेकांची घाई नडते.

उभं राहण्याच्या तऱ्हा देशोदेशी वेगळ्या. ब्रिटनमधल्या प्रदर्शनांत पंचाच्या बाजूचा पुढचा पाय जरा पुढे आणि मागचा जरा मागे ठेवतात, म्हणजे एका बाजूने चारही पाय दिसतात. अमेरिकेत क्वार्टर हॉर्स चौकोनात उभा करतात, तर सॅडलब्रेडला पाय ताणून उभं राहायला शिकवतात. आपल्याकडे मारवाडीची मान उंच हवी आणि आत वळलेल्या कानांची टोकं एकमेकांना टेकायला हवीत. त्या कानांपायी काही जण तोंड वर खेचून धरतात. फोटो झकास येतो, पण पाठ दबते आणि पाय कुठेही पडतात.

मी बघतो तो धरणाऱ्याचा हात. सारंगखेड्यात एका मुश्की घोडीपुढे असाच थांबलो होतो. धरणारा पोरगा मिसरूड न फुटलेला. त्याने दोराला ढील दिली आणि एक पाऊल मागे सरला. घोडीने एक कान त्याच्याकडे वळवला, पाय जागचे हलवले नाहीत. गिऱ्हाईक उकिडवं बसून तिच्या खुरांकडे बघत राहिलं. मालकाने सौद्यासाठी खांद्यावरचा रुमाल काढून हातावर घेतला.