क्रमांक नसलेल्या बंदुका

शस्त्रसंग्रह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजवाड्यातील जडावाच्या मुठी, पट्टे आणि जंबिये उभे राहतात, किंवा फार झाले तर एखाद्या संस्थानिकाने विलायतेहून मागवलेली, चांदीच्या नक्षीची दुनळी. अमेरिकेतील एका मोठ्या आणि अत्यंत चिकित्सक संग्राहकवर्गाचा जीव मात्र यांपैकी कशातच गुंतलेला नाही. तेथील शेतकऱ्यांच्या पोरांनी खारी आणि ससे टिपण्यासाठी वापरलेली, धान्याच्या कोठारात दाराआड उभी करून ठेवलेली आणि घर विकताना अडगळीबरोबर बाहेर काढलेली .22 इंची बोल्टची रायफल हेच त्या मंडळींचे आराध्यदैवत आहे. त्यांची ही भक्ती प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटते, पण थोडे खोलात शिरले म्हणजे तिच्यामागे इतिहासाची एक सूक्ष्म जाण आहे असे ध्यानात येते. मौल्यवान म्हणून जन्माला आलेली वस्तू जपली जाणारच; स्वस्त म्हणून जन्माला आलेली वस्तू मात्र वापरून संपते, आणि संपता संपता जी चुकून उरते तिचा शोध घेण्यात अधिक पुरुषार्थ आहे, असा या लोकांचा सिद्धांत आहे आणि मला तो मान्य आहे.

या बंदुकांचे मूळ त्यांच्या काडतुसात आहे. पॅरिसच्या फ्लोबेर नावाच्या बंदूककाराने 1845 च्या सुमारास ठिणगीच्या टोपीएवढ्या इवल्याशा काडतुसाची युक्ती काढली, अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी 1857 मध्ये तिला .22 शॉर्ट हे रूप दिले, आणि 1887 मध्ये स्टीव्हन्स कंपनीने त्याच जातीचे लाँग रायफल नावाचे काडतूस बाजारात आणले, जे आजतागायत जगभर खपत आहे. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी ठिणगीची स्वतंत्र टोपी असते. येथे मात्र तो दाहक मसाला बुडाच्या दुमडलेल्या कडेच्या पोकळीतच भरलेला असतो, आणि फायरिंग पिन त्या कडेला चेचते तेव्हा बार उडतो. कड चेचली जावी म्हणून पुंगळीचा पत्रा पातळ ठेवावा लागतो, पत्रा पातळ म्हणून आतला दाब बेताचा ठेवावा लागतो, आणि दाब बेताचा म्हणून बंदूकही हलकी, सुटसुटीत व किफायतशीर करता येते. गरिबाच्या बंदुकीचे सारे अर्थशास्त्र त्या एका दुमडीत सामावलेले आहे.

जॉन ब्राउनिंग या असामान्य कल्पक गृहस्थाने त्या काडतुसासाठी आखलेली एकबारी बोल्ट रायफल कनेक्टिकटमधील न्यू हेवनच्या विंचेस्टर कारखान्याने मॉडेल 1900 या नावाने काढली. जेमतेम पावणेतीन पौंड वजनाची ही बंदूक उघडउघड मुलांसाठी होती. तिच्या मागून आलेल्या भावंडांत एक मोठे विक्षिप्त निघाले. त्याला बोटाने ओढावयाचा चापच नव्हता. बोल्टच्या मागील बाजूस असलेले बटन अंगठ्याने दाबले की गोळी सुटे. चाप ओढताना नेम हलतो, तो अंगठ्याच्या दाबाने हलणार नाही, असा त्यामागील तर्क होता. तर्क बिनतोड असला तरी गिऱ्हाईक बिनतोड तर्कावर चालत नाही. अमेरिकेत ती रायफल फारशी खपली नाही आणि पुष्कळशी ऑस्ट्रेलियास रवाना झाली. संग्राहक आज तिच्यासाठी सढळ हाताने पैसे मोजतात, हा त्या फसलेल्या कल्पनेला मिळालेला उशिराचा न्याय होय.

या सामान्य प्रजेत एक घराणे मात्र निर्विवाद खानदानी आहे. पहिले महायुद्ध संपल्यावर लष्करी कंत्राटे आटली आणि कारखान्याला शांततेच्या काळात खपेल असा माल हवा होता. टी. सी. जॉन्सन आणि फ्रँक बर्टन या विंचेस्टरच्या आरेखकांनी तेव्हा केवळ नेमबाजीच्या सामन्यांसाठी म्हणून एक भारदस्त .22 रायफल सिद्ध केली. न्यू जर्सीतील कॉल्डवेल येथे 1919 मध्ये भरलेल्या राष्ट्रीय सामन्यांत तिचे पहिले नमुने उतरले आणि पुढच्या वर्षी ती मॉडेल 52 म्हणून विक्रीस आली. चाप ओढल्यापासून पिन आदळेपर्यंतचा क्षण अधिक आखूड करणारी यंत्रणा तिला 1929 मध्ये लाभली; पुढे ए, बी, सी, डी अशा अक्षरांनी तिच्या सुधारणा ओळखल्या जाऊ लागल्या आणि 1980 मध्ये उत्पादन थांबले तेव्हा सुमारे सव्वा लाख रायफली बाहेर पडल्या होत्या. दरम्यान 1931 मध्ये कंपनीचे दिवाळे वाजून ती ऑलिन घराण्याच्या हाती गेली, पण या रायफलीच्या कारागिरीत त्या दिवाळखोरीची खूण सापडत नाही. तिचा बोल्ट मागे ओढून पाहिला की तो नुसता सरकत नाही, तेलात बुडाल्यासारखा निःशब्द वाहतो. सामन्यांच्या मैदानावरून तिला अखेर हटवले ते जर्मनीतील उल्म गावच्या आन्शुट्झ रायफलींनी. ती हार सन्मानाची होती.

मला स्वतःला मात्र अधिक कुतूहल आहे ते खालच्या पायरीवरच्यांचे. विंचेस्टरचीच मॉडेल 67 ही 1934 ते 1963 या काळात सुमारे 3 लाख 80 हजारांच्या संख्येने निघाली. बोल्ट लावून झाल्यावर त्याच्या मागची खुंटी हाताने ओढल्याखेरीज ती उडत नसे. पोराच्या उतावळेपणावर कारखान्याने बसवलेला तो लगामच होता. एवढ्या विपुल बंदुकांपैकी बहुतेकींवर क्रमांक नाही. अमेरिकेत 1968 चा कायदा होईपर्यंत अशा कड चेचून उडणाऱ्या, म्हणजे रिमफायर, रायफलीवर क्रमांक कोरण्याची सक्ती नव्हती, आणि ज्या वस्तूची नोंद ठेवण्याचा खर्चही कारखान्याला परवडत नव्हता तिचे दप्तर कोण ठेवणार? विंचेस्टरच्या जुन्या, नामांकित लिव्हर बंदुकीचा क्रमांक कळवला तर वायोमिंगमधील कोडी येथील संग्रहालय कारखान्याच्या मूळ वह्यांवरून तिचा दाखला देऊ शकते; या अनामिकांना असा कोणताही दाखला मिळत नाही. त्यांच्यात 677 नावाची एक शाखा तर माशी आणि मागील खाच या दोन्हींना फाटा देऊन केवळ दुर्बीण लावण्यासाठी काढली होती. त्या काळच्या स्वस्त दुर्बिणी अगदीच सुमार असल्याने ती 1939 मध्ये बंद पडली. तोवर जेमतेम दोन हजारांवर निघाल्या होत्या. तिच्या नावाने अनेकांच्या छातीत धडधड होते.

दप्तरच नसल्यामुळे रुजुवात करावयाची ती वस्तूच्या अंगावरून. रेमिंग्टन कंपनीच्या बंदुका येथे जरा उदार असतात. 1921 पासून त्यांच्या नळीवर दोन बारीक अक्षरे ठोकलेली आढळतात. पहिले महिन्याचे, ब्लॅकपावडर या शब्दाच्या इंग्रजी अक्षरांतून ओळीने घेतलेले आणि डिसेंबरसाठी शेवटी एक्स जोडलेले. म्हणजे जानेवारीला बी, फेब्रुवारीला एल, मार्चला ए. दुसरे अक्षर वर्षाचे. इतर कारखान्यांच्या बाबतीत चाणाक्ष गिऱ्हाईक बोल्ट काढून घेते आणि नळीचे मागचे तोंड उजेडाकडे धरून पाहते. आत आरशासारखी चमक दिसली तर भाग्य. बहुधा दिसतो तो काळवंडलेला, खवडे पडलेला पृष्ठभाग. 1920 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत काडतुसातील मसाल्यात क्लोरेट असे, त्याचा क्षार नळीत उरे, हवेतील ओल शोषी आणि त्याच रात्री तेलाचा बोळा न फिरवणाऱ्या पोराच्या आळसाची किंमत पोलादाला मोजावी लागे. नंतर नजर जाते काडतुसाच्या घराच्या काठाकडे. तेथे छोटासा खळगा असेल तर समजावे की कोणी तरी रिकामा चाप वारंवार ओढला आहे, आणि पुंगळी आता अडकणार. स्क्रूच्या खाचा विस्कटलेल्या दिसल्या तर कोणा हौशी हाताने बंदूक खोलली आहे. अक्षरांच्या कडा बोथट झाल्या असतील तर जुना निळाकाळा रंग घासून नवा चढवला आहे, आणि नव्या झळाळीने किंमत निम्म्यावर आली आहे. दुर्बिणीसाठी मागाहून पाडलेली भोके हा तर अक्षम्य अपराध. अक्रोडाच्या दस्त्यावर चाकूने कोरलेली मालकाची आद्याक्षरे मात्र पुष्कळजण आनंदाने चालवून घेतात, आणि त्यांच्या रसिकतेची मला त्यातच खात्री पटते.

या छंदाला युद्धाचीही एक बाजू आहे. नाझी जर्मनीत तरुणांच्या तालमीसाठी लष्करी माउझरच्या बेताची, पण एकेक .22 गोळी झाडणारी डी. एस. एम. 34 ही रायफल अनेक कारखान्यांनी केली आणि अमेरिकी सैनिकांनी ती विजयचिन्ह म्हणून घरी नेली. तिच्या इतिहासाकडे डोळेझाक करून तिचे गुणगान गाणाऱ्यांशी माझे जमत नाही.

आपल्याकडे हा छंद रुजणे अशक्यच. 1959 चा शस्त्र कायदा आणि 2019 ची दुरुस्ती यांनी सामान्य परवानाधारकाला दोन बंदुकांची मर्यादा घातली आहे. दोन वस्तूंचा काय संग्रह होणार? तरीही या जातीशी महाराष्ट्राची ओळख जुनी आहे. एन. सी. सी.च्या शिबिरात सतरंजीवर पालथे पडून ‘टू-टू’ उडवलेले गृहस्थ दर चार घरांआड भेटतात. ती रायफल म्हणजे ली-एनफिल्डच्या घाटाची बोल्ट रायफल, नंबर 2, मार्क 4. आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक 451.4 गुणांनी मिळवले, ते 1887 च्या त्याच .22 लाँग रायफल काडतुसाने.

अमेरिकेत पन्नास वर्षे पुरी झालेली बंदूक कायद्याने ‘दुर्मिळ वस्तू’ या सदरात मोडू शकते आणि तिच्यासाठी संग्राहकाला वेगळा परवाना मिळतो. म्हणजे मॉडेल 52 चे अखेरच्या काळातले नगही आता हळूहळू त्या सदरात येत आहेत. त्याबरोबर एक अनिष्ट धंदाही वाढला आहे. साध्या रायफलींची मॅगझिने, बोल्ट, खुंट्या आता बनत नाहीत. सुटे मॅगझीनही रायफलीच्या मानाने अवाच्या सवा भावाने विकले जाते. सबब काही व्यापारी धडधाकट बंदूक विकत घेतात, तिचे सुटे भाग करतात आणि दस्ता एकाला, बोल्ट दुसऱ्याला, चापाचा संच तिसऱ्याला विकून अधिक पैसा गाठीला बांधतात. क्रमांकच नसल्यामुळे, उद्या त्या भागांतून पुन्हा कोणी अख्खी बंदूक जुळवली तर ती अस्सल की जुळवलेली, हे सांगण्यास कोणतीच वही उपलब्ध असणार नाही.